तीन तोंडांचा चंबू

क्वांटम डॉट, म्हणजे अवघ्या काही नॅनोमीटरचे कण, बनवणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत गेलात, तर तीन तोंडांचा, गोल तळाचा काचेचा चंबू हमखास दिसेल. त्याच्यापाशी सुई हातात धरून उभा असतो तो पीएच.डी.चा विद्यार्थी, प्राध्यापक बहुधा शेजारच्या खोलीत अनुदानाचा अर्ज लिहीत असतात.

चंबूत सुईने द्रावण सोडून हे कण बनवण्याची रीत 1993 मधली, अमेरिकेतल्या एमआयटीची. ख्रिस्तोफर मरी आणि डेव्हिड नॉरिस तेव्हा मौंगी बावेंडी यांच्याकडे संशोधन करणारे विद्यार्थी होते. कण लहान झाला की त्याचा रंग बदलतो, हे तोवर कळलं होतं. 1981 मध्ये लेनिनग्राडमध्ये एकिमोव्ह या संशोधकाला ते रंगीत काचेत दिसलं, 1983 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ब्रूस या संशोधकाला द्रावणात. अडत होतं ते एकसारखे कण बनवण्यापाशी. लहानमोठे कण मिसळले की रंगांची खिचडी होते.

चंबूत टोपो असतो. ट्रायऑक्टाइलफॉस्फिन ऑक्साइड म्हणत बसायला कुणाला सवड नसते. मेणासारखा हा पदार्थ वितळवून 300 अंशांपर्यंत तापवायचा, तोही आरगॉन वायूत, कारण मूळ कृतीतलं डायमिथाइल कॅडमियम हवेत पेट घेतं. मग कॅडमियम आणि सेलेनियमचं द्रावण सुईने एका दमात आत सोडायचं. तापल्या तेलात कांदा पडला की तेलाचा ताप उतरतो, तसा चंबूचा पारा 180च्या आसपास येतो. सगळी मेख इथे आहे. त्या क्षणी सगळ्या कणांची बीजं एकदम धरतात आणि ताप उतरल्यामुळे नवी धरत नाहीत. पुढे 230 ते 260 अंशांवर ती सावकाश वाढतात. एकाच वयाची, म्हणून जवळजवळ एकाच मापाची.

थोड्या थोड्या वेळाने थेंबभर नमुना काढून अतिनील दिव्याखाली धरायचा. आधी हिरवट निळा, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी लाल. पदार्थ तोच, कॅडमियम सेलेनाइड. वाढलं ते फक्त माप, साधारण दोन नॅनोमीटरपासून सहापर्यंत. तंबोऱ्याची तार आखूड केली की स्वर चढतो, तसं इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडली की प्रकाश निळ्याकडे सरकतो.

गंमत म्हणजे, स्वस्त टोपोतली भेसळच कणांच्या वाढीला लगाम घालत होती, हे पुढे उघड झालं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या रसायनशास्त्राला ही चपराकच म्हणायची.

प्रकाश मात्र अजून मिणमिणता होता. कणाच्या पृष्ठभागावरच्या उणिवांत ऊर्जा अडकून वाया जाई. 1996 मध्ये शिकागोत मार्गारेट हाइन्स आणि फिलिप ग्यो-सियोने यांनी कणावर झिंक सल्फाइडचं कवच चढवलं आणि शोषलेल्या प्रकाशापैकी परत मिळणारा वाटा 50 टक्क्यांवर नेला. आज क्वांटम डॉटच्या टीव्हीतही कवचधारी कणच असतात.

बावेंडी हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते. 100 पैकी 20 गुण. तरी 2023चं नोबेल त्यांना ब्रूस आणि एकिमोव्ह यांच्यासोबत मिळालं. ही रीत मांडणाऱ्या 1993च्या निबंधावरही तीनच नावं आहेत. पहिलं मरी यांचं, दुसरं नॉरिस यांचं, शेवटचं बावेंडी यांचं.