मंगळावरच्या गंधकाला ड्रिल का लावलं नाही?

नाशिककरांनो, आपल्याकडे खाणीत बेसाल्ट फुटला की पोकळीत कधी कधी स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक चमकतात. ३० मे २०२४ ला मंगळावरही असाच दगड फुटला! सुमारे ९०० किलोची क्युरिऑसिटी रोव्हर गेडिझ व्हॅलिस या दरीत त्यावरून गेली आणि आत निघाले पिवळे स्फटिक. तिच्या यांत्रिक हातावरच्या एक्स-रे उपकरणाने सांगितलं: शुद्ध गंधक. मंगळावर पहिल्यांदाच!

मग लगेच ड्रिल? नाही. दगड छोटा आणि ठिसूळ. ड्रिल दाबताना तो सरकला, हात अडकला तर दुरुस्तीला कोण जाणार? शेवटी १८ जूनला जवळच्याच ‘मॅमथ लेक्स’ नावाच्या मोठ्या खडकाला छिद्र पाडलं, मोहिमेतलं ४१ वं. निर्णय शहाणपणाचाच, पण माझ्यासारख्या दगडवेड्याला चुटपुट लागतेच.