घरातली रातपाळी

गेल्या महिन्यात सकाळी दवाखाना उघडताच अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण कपाळाला रुमाल दाबून आत आला. मागे लंगडत त्याची आई. आईला दुचाकीवर भांदक स्टेशनावर सोडायला निघाला असता वाटेत तो क्षणभर पेंगला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घसरली. आईचे खरचटण्यावर निभावले. याच्या भुवईवर मात्र चार टाके घालावे लागले. टाके घालता घालता मी विचारले, "रात्री किती झोपलास?" तो काही बोलेना. आईच म्हणाली, "झोपते कुठं, डॉक्टरसाहेब? रातभर कम्प्युटरसमोर बसते अन् दिवसा पेंगते. नोकरी आहे म्हणते, पण घरून बाहेर तर पडतच नाही!"

मुलाला नोकरी खरोखरच होती, आणि ती रातपाळीची होती. घरात मात्र हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. खुद्द त्याच्याही नाही.

काम तरी कोणते?

बँका, दवाखाने, वीज कंपन्या यांचा कारभार आज संगणकावर चालतो. तेथे चोराने शिरू नये म्हणून जी राखण करावी लागते तिला सायबर सुरक्षा म्हणतात. हे शास्त्र आता घरबसल्या शिकता येते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाने संगणकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१४ साली आणि सायबर सुरक्षेचा २०१९ साली दूरस्थ पद्धतीने सुरू केला. आपल्याकडे आयआयटी संस्थांचे एनपीटीईएल हे वर्गही असेच चालतात. शिकवणारा प्राध्यापक एक आणि विद्यार्थी हजारो, म्हणून मधे सहायक शिक्षक लागतात. सरावासाठी दिलेल्या संगणकावर विद्यार्थी अडला की त्याची शंका वाचायची, उत्तर न सांगता वाट दाखवायची, गृहपाठ तपासून गुण द्यायचे, हे त्यांचे काम. आमचा हा तरुण एका परदेशी संस्थेसाठी हेच करतो, भद्रावतीतल्या आपल्या खोलीत बसून.

अडचण आहे ती घड्याळाची. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. तिथला नोकरदार विद्यार्थी दिवसभराचे काम आटोपून रात्री आठला पुस्तक उघडतो, तेव्हा इथे पहाट असते. रविवारी मध्यरात्रीपर्यंत गृहपाठ द्यायचा असेल, तर शंकांचा लोंढा आपल्या सोमवारी सकाळी येतो. म्हणजे रविवारची सुटीही गेली.

शरीराचे घड्याळ

माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन हे द्रव्य पाझरू लागते आणि झोप येते. डोळ्यांसमोर प्रखर पडदा असला की हे पाझरणे लांबते. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि तेव्हाच डुलकी अनावर होते. उलट सकाळी ऊन चढले की शरीर जागे होऊ पाहते. म्हणून दिवसाची झोप तुटक होते आणि रात्रीच्या झोपेपेक्षा कमी पडते.

अशा जागरणाचा परिणाम मोजलाही गेला आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची! हा मुलगा दारूच्या थेंबाला शिवत नाही, पण त्या सकाळी तो गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत ३३ मीटर पुढे जाते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

जागरण वर्षानुवर्षे चालले तर रक्तदाब, मधुमेह, आम्लपित्त आणि चिडचिड मागे लागतात. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले.

खाणीची पाळी आणि घरची पाळी

या तरुणाचे वडील वेकोलिच्या खाणीतून निवृत्त झालेले. रातपाळी करूनच त्यांनी संसार उभा केला. आयुध निर्माणी आणि कोळसा खाणींच्या या परिसराला रातपाळी शिकवायची गरज नाही. वडील पाळीवरून आले की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, रेडिओ बंद राही, पाहुण्यांना ओसरीवरच बसवले जाई. शिवाय त्या पाळीला सुरुवात होती, शेवट होता आणि साप्ताहिक सुटी होती. १९५२ च्या खाण कायद्याने आठवड्याला ४८ तासांची हद्द घातलेली होती.

मुलाच्या पाळीला यातले काहीच नव्हते. "घरीच तर आहे" म्हणून सकाळी भाजी, दुपारी बँक, मधे पाहुणे. उशाखालचा फोन वाजला की हा उठून उत्तर देई. मी विचारले, "संस्थेची सक्ती आहे का?" तेव्हा कळले, थेट वर्ग आठवड्यातून दोनच, तेही इथे रात्री अकराच्या आत संपणारे. बाकी शंकांना चोवीस तासांत उत्तर दिले तरी चालते. निम्मे जागरण त्याने आपणच ओढवून घेतले होते!

काय करावे?

१. कामाचे तास ठरवून कागदावर लिहावेत व घरात सर्वांना दाखवावेत. शक्य असेल तर पहाटेऐवजी सायंकाळ ते मध्यरात्र ही वेळ घ्यावी. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी हवी.

२. चोवीस तासांत सात तास झोप हवीच. सलग जमत नसेल तर सकाळी पाच तास व सायंकाळी दोन तास असे भाग पाडावेत. खिडकीला जाड काळा पडदा लावावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

३. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवसा कूलरशिवाय झोप लागत नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास त्यातच वाढतो आणि तो दिवसा चावतो. म्हणून दिवसा झोपणाऱ्याने दिवसाही मच्छरदाणी लावावी.

४. झोपेआधी सहा तास चहा-कॉफी बंद. रात्रीचे जेवण आठच्या सुमारास घ्यावे. मध्यरात्री भूक लागली तर फरसाणाऐवजी फुटाणे, फळ किंवा ताक घ्यावे.

५. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. लॅपटॉप मांडीवर न घेता पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या पातळीत ठेवावा, कीबोर्ड वेगळा घ्यावा. तासाला एकदा उठून चालावे.

६. जागरणानंतर वाहन चालवू नये. हा नियम मोडू नये.

घोरणे फार असेल, छातीत दुखत असेल, किंवा पंधरा दिवसांहून अधिक मन उदास राहत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी रात्रीचे काम स्वीकारण्याआधीच सल्ला घ्यावा.

टाके काढायला तो आला तेव्हा वडील सोबत होते. दुचाकीही तेच चालवीत होते. म्हणाले, "आता सकाळी सात ते बारा घरात टीव्ही लावू देत नाही. माझ्या पाळीच्या वेळी हिची आई जसं करायची तसंच." मुलाचा रक्तदाब मागच्या खेपेपेक्षा उतरला होता. औषध मी एकही दिले नव्हते.

वाचकहो, आपल्या गल्लीतही रात्री उशिरापर्यंत एखाद्या खिडकीत उजेड दिसत असेल. तो मुलगा किंवा मुलगी आळशी आहे असे समजू नका. सकाळी त्या दाराची कडी जरा हळू वाजवा.