वरचा मजला कुणाला द्यायचा?

आमच्या तालुक्याच्या गावात हल्ली बरीच डॉक्टर जोडपी भाड्याच्या गाळ्यातून स्वतःच्या इमारतीत जाऊ लागली आहेत. माझ्या भाचीनंही स्टँडजवळची दुमजली इमारत घेतली. खाली दवाखाना, पुढचा गाळा नि वरचा मजला भाड्यानं द्यायचा. बँकेचा निम्मा हप्ता तरी भाड्यातून सुटेल, हा हिशेब. हिशेब चांगलाच!

पण एक औषधविक्रेता म्हणाला, "ताई, ठरावीक भाडं कशाला? तुमच्या चिठ्ठ्यांवर जी विक्री होईल, तिची टक्केवारी देतो. जास्तच मिळेल." ऐकायला गोड. पण मग औषधं जितकी जास्त लिहाल, तितकं भाडं जास्त, असंच ना? भुर्दंड कुणाला? उसनवारी करून लेकराला घेऊन आलेल्या बाईला. शिवाय डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला बंदीच आहे. भाचीनं सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याला दरमहा ठरलेल्या भाड्यानं गाळा दिला. दवाखान्यात पाटीही लावली: 'औषधे कोठूनही घ्यावीत.'

मैत्रिणींनो, अशी जागा घेणार असाल तर काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. बाईच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्का सवलत (२०२१ पासूनची) राहत्या घरासाठी आहे, दवाखान्याच्या इमारतीला ती मिळत नाही. मेडिकल दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते, तेव्हा गाळा आधी मोजा. भाडेकरू नात्यातला असला तरी करार लेखी करून नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. ते खोटं ठरवायचं काम आपल्याला लागतं.

वर रक्तलघवी तपासणारी लॅब येणार असेल, तर सुया नि रक्ताचे बोळे घंटागाडीत जाता कामा नयेत. २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या-डब्यांत ठेवून ४८ तासांच्या आत अधिकृत यंत्रणेकडे द्यावा लागतो. कुणाचा कचरा कुणी द्यायचा, तेही करारातच लिहा.

डॉक्टरांच्या घरी भाड्याची वही बहुधा बायकांच्याच हाती असते. त्या वहीत भाडंच जमा होऊ द्या, पेशंटच्या खिशातला हिस्सा नको.