मोरचूद आणि लोखंडी बादली

मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवूं नये, हें द्राक्षांचे बहुतेक बागाईतदार जाणतात. असें कां, हें मात्र थोड्यांसच सांगतां येतें. तें कारण वाचकांपुढें ठेवावें असा आमचा हेतु आहे.

तांब्याच्या अणूच्या गाभ्यांत २९ प्रोटॉन असतात आणि गाभ्याभोंवतीं २९ इलेक्ट्रॉन. पहिले धन विद्युतेचे, दुसरे ऋण विद्युतेचे. जमा व नांवें बरोबर जुळतें, म्हणून अणु उदासीन असतो. मोरचुदांतील तांब्याच्या अणूनें यांपैकीं दोन इलेक्ट्रॉन गमाविलेले असतात. अशा, अंगावर दोन धनभार वागविणाऱ्या कणास आयन म्हणतात. गाभा पूर्वींचाच, म्हणून जात तांब्याचीच. परंतु गुण अगदीं निराळे. धातु तांबूस व पाण्यांत न विरघळणारा, तर त्याचे आयन पाण्यांत मिसळून तें निळें करितात. तांब्याच्या घागरींतलें पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पीत आलों. तेच तांबें मोरचुदाच्या रूपानें पोटांत गेल्यास विषबाधा होते.

आतां बादलीकडे वळूं. लोखंड आपले इलेक्ट्रॉन तांब्यापेक्षां सहज सोडतें. लोखंडाचा अणु दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनास देतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यांत उतरतो. तांबें पुन्हां धातु होऊन बादलीवर तांबड्या थरानें बसतें. लोखंडाचें तांबें झालें असें मानणारे भोळे लोक आम्हीं पाहिले आहेत. ही किमया नव्हे, केवळ खातेंपालट होय. एक किलो मोरचुदांत सुमारें २५४ ग्रॅम तांबें असतें. तें सर्व असें बसलें तर सुमारें २२३ ग्रॅम लोखंड झिजेल. बादली तर जातेच, शिवाय केवडा रोगाची बुरशी मारणारे जे आयन, तेच नाहींसे होतात आणि फवारा फुकट जातो.

हें मिश्रण फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत उदयास आलें. वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून तेथील शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली केवड्यापासून वांचल्या, हें प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानीं आलें व १८८५ सालीं त्यांनीं हा उपाय प्रसिद्ध केला. मोकळे आयन फार झाले तर कोवळीं पानें करपतात. चुना त्यांस न विरघळणाऱ्या रूपांत बांधून ठेवितो व तें हळूहळू सुटतात.

चुना पुरेसा पडला कीं नाहीं, हें लोखंडच सांगतें. घांसून स्वच्छ केलेली सुरी तयार मिश्रणांत मिनिटभर बुडवावी. पात्यावर तांबूस झांक आल्यास मोकळे आयन शिल्लक आहेत असें समजून आणखी चुन्याचें पाणी घालावें, व पातें घांसून पुन्हां पाहावें.