सोळांतला एक खापरपणजोबा आणि आठ कोटी दावेदार

प्रत्येकाला आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ आणि खापरपणजी-खापरपणजोबा सोळा. या सोळांतला एकच जण इटालियन असला आणि बाकीचे पंधरा कुठलेही असले, तरी मार्च २०२५पर्यंत इटलीचे नागरिकत्व मागता येत होते. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य स्थापन झाले तेव्हा किंवा त्यानंतर तो पूर्वज हयात असावा आणि वारसा पुढे नेणारे मूल जन्मण्याआधी त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे, या मुख्य अटी. पिढ्यांना मर्यादाच नव्हती.

आता हिशेब मांडा. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक पोटासाठी इटलीबाहेर पडले. बरेच परतले, पण लाखो लोक ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेत कायमचे राहिले. अशा एकाला चार मुले, त्यांतल्या प्रत्येकाला पुन्हा चार, असे धरत गेले तर चौथ्या पिढीत २५६ आणि पाचव्या पिढीत १,०२४ वंशज होतात. म्हणूनच इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाने संभाव्य दावेदारांचा अंदाज ६ ते ८ कोटी दिला. खुद्द इटलीची लोकसंख्या ५ कोटी ९० लाखांच्या आसपास आहे!

हा आकडा कागदावरच राहिला नाही. परदेशस्थ इटालियन नागरिक २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सुमारे ४६ लाखांवरून ६४ लाखांवर गेले. कोर्टांत ६० हजारांहून अधिक प्रकरणे तुंबली. डोलोमाइट पर्वतातल्या वाल दी झोल्दो या गावाची वस्ती तीन हजारांच्या आत. तिथल्या मूठभर कर्मचाऱ्यांपुढे ब्राझीलहून आलेल्या अर्जांचा ढीग लागला.

अर्जदाराचे कष्टही थोडे नव्हते. प्रत्येक पिढीचा जन्मदाखला आणि विवाहाचा दाखला हवा. १८५०च्या सुमाराचा जन्म असेल तर बहुधा चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद शोधावी लागे. इटलीतला ‘जुझेप्पे’ ब्राझीलच्या दप्तरात ‘जोझे’ झाला असेल, तर त्या दुरुस्तीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागे.

२८ मार्च २०२५ रोजी सरकारने वटहुकूम काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता सर्वसाधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापलीकडे दावा चालत नाही. २७ मार्चपर्यंत ज्यांनी अर्ज भरला किंवा ज्यांना त्यासाठी तारीख मिळाली, त्यांना मात्र जुना नियम लागू राहिला.

देशात राहणाऱ्यांपेक्षा बाहेरचे दावेदार जास्त होऊ लागले, तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. दोन पिढ्यांची रेघ मला रास्त वाटते. पण वर्षानुवर्षे कागद जमवून नुसत्या तारखेची वाट पाहणाऱ्यांना एका रात्रीत रेघेबाहेर ढकलणे हा अन्याय आहे. त्यांना निदान वर्षभराची मुदत मिळायला हवी होती.