संगणकाच्या खोलीबाहेर

‘आमच्या शाळेत संगणक आहे’ आणि ‘आमच्या शाळेत संगणकशास्त्र शिकवतात’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यामुळे खर्च बराच होतो आणि शिकणे थोडे.

सरकारी पातळीवर याची मोठी सुरुवात १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पाने झाली. त्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ योजना आली. महाराष्ट्रात प्रयोगशाळा उभारून चालवण्याचे काम ठरावीक मुदतीच्या कराराने कंपन्यांकडे गेले. मुदत संपल्यावर निदेशक गेले आणि अनेक ठिकाणी खोलीला कुलूप लागले.

पुणे-सातारा महामार्गावर, नीरेच्या काठी वसलेले शिरवळ पाहा. आसपास कारखान्यांचा पट्टा उभा राहिला आहे. तेथील यंत्रांना हुकूम देणारा आणि पडद्यावरची बटणे दाबणारा, दोघेही संगणक ‘वापरतात’. पण त्यांच्या कामात आणि पगारात फार अंतर आहे. तेथील मुलांना यातले कोणते शिक्षण मिळणार, हा खरा प्रश्न आहे. वर्ड आणि चित्रकलेच्या प्रोग्रामवर तासिका संपवणाऱ्या शाळेने त्याचे उत्तर नकळत देऊन टाकलेले असते.

न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले. आपल्याकडे एसीएम इंडियाच्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमाने २०१६ पासून हा विचार शाळांपर्यंत नेला. त्यातला एक खेळ लहान करून येथे देतो. खडूखेरीज काही लागत नाही.

व्हरांड्यात चार समांतर रेघा आखा. प्रत्येक रेघेवर एक मूल, हातात आकड्याची चिठ्ठी. समजा, डावीकडून ७, ३, ९, १. नियम एकच: दोघांनी चिठ्ठ्या ताडून पाहायच्या, लहान आकडा डाव्या रेघेवर, मोठा उजव्या रेघेवर. पहिल्या फेरीत पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी रेघ; रांग होते ३, ७, १, ९. दुसऱ्या फेरीत पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी. रांग १, ७, ३, ९. तिसऱ्या फेरीत फक्त मधल्या दोन रेघा. झाले १, ३, ७, ९.

तुलना पाच झाल्या, पण फेऱ्या तीनच, कारण पहिल्या दोन्ही फेऱ्यांत दोन जोड्या एकाच वेळी काम करत होत्या. अनेक प्रोसेसरांना काम वाटून देताना नेमका हाच हिशेब करावा लागतो.

आता मुलांना विचारा: हे नेहमीच जमेल का? चार जण २४ प्रकारे उभे राहू शकतात. उत्साही वर्ग सगळे प्रकार करून पाहील. पण एखादी मुलगी म्हणेल, ‘बाई, दोन फेऱ्यांत सगळ्यात लहान पहिल्या आणि सगळ्यात मोठा चौथ्या रेघेवर जातोच, मग मधले दोनच उरतात.’ त्या मुलीने रीत बिनचूक असल्याची सिद्धता दिली. अल्गोरिदम म्हणजे अशी पायरीपायरीची रीत, आणि ती का चालते हे सांगता येणे म्हणजे संगणकशास्त्र.

शोधण्याची रीतही शाळेतच सापडते. जनरल रजिस्टर क्रमांकाने लावलेले असते. हजार नोंदींतून दिलेला क्रमांक काढायचा असेल, तर दरवेळी मधली नोंद पाहून अर्धा भाग सोडून द्या. जास्तीत जास्त १० वेळा पाहावे लागते. दाखल्यासाठी आलेल्या पालकाला फक्त नाव आठवत असेल, तर मात्र लिपिकाला पान न पान चाळावे लागते.

म्हणून संगणक नकोच असे कोणी समजू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत कोडिंग सुचवले आहे. लिहिलेली रीत यंत्राने चालवून दाखवली की चूक लगेच उघडी पडते, हा अनुभव खडूने येत नाही. कुलूप उघडायलाच हवे. मात्र ते उघडेपर्यंत वर्ग थांबवण्याचे कारण नाही.

वर्गासाठी एक प्रश्न: पाचवी रेघ आखली तर निदान किती तुलना लागतील? उत्तर ९ आहे. पण ते मुलांना सांगू नका, रेघा आखू द्या.