झीज वेगळी, दोष वेगळा
जुन्या छोट्या गाडीची रास्त किंमत ठरवण्याची कला

रायपूरच्या आझाद चौकाकडून ब्राह्मणपाऱ्यात शिरलं की रस्ता लगेच आक्रसतो. कंकाली तलावाच्या आसपासची ही जुनी वस्ती. इथल्या गल्ल्या पडल्या तेव्हा चारचाकी कुणाच्या डोक्यात नव्हती. समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकाला मागं सरावं लागतं आणि गाडी उभी करायची ती ओट्याला खेटून. अशा वस्तीत जेमतेम दीड मीटर रुंदीची, ४.६ मीटर त्रिज्येत वळणारी आल्टो ८०० घेणं हे शहाणपणाचं असतं. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणसं या शहरात येत राहिली. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बूढापारा या जुन्या भागांत मराठी घरं रुजली. या घरांच्या दाराशी आज जी छोटी गाडी दिसते, ती अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाची असते.

अशी गाडी घेताना घरात एकच प्रश्न फिरत असतो: मागतात तेवढे द्यावेत का? उत्तर शोधायला एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावतात. तो बॉनेट उघडतो, इंजिन ऐकतो, गाडीला एक फेरी मारतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, पण कसा आला ते कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की ते विचारलंच पाहिजे. रास्त किंमत म्हणजे जिच्यातला प्रत्येक हजार कशापायी वाढला किंवा कमी झाला हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला समोरासमोर सांगता येतं, ती. ही कला शिकण्यासारखी आहे आणि ती कुणा एकाची मक्तेदारी राहू नये.

किंमत सुरू कुठून करायची

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन असलेल्या या गाडीसाठी सुरुवातीची काही वर्षं एवढी मोठी रांग होती की नंबर लागलेली गाडी लोक वर पैसे मोजून विकत घेत. वापरलेली गाडी नव्याच्या तोडीस तोड भावानं जाई, कारण भाव झिजेवर ठरत नव्हता, रांगेवर ठरत होता. पुढं १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, २००० मध्ये आल्टो आली, रांगा संपल्या. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८००चं उत्पादन थांबलं. रांगा संपल्यापासून जुन्या छोट्या गाडीचा भाव बांधलेला आहे तो नव्या छोट्या गाडीच्या भावाशी.

म्हणून हिशेबाची पहिली पायरी शोरूममध्ये आहे. तशीच किंवा तिच्या जागी घेता येईल अशी नवी गाडी आज रस्त्यावर कितीला येते, ते आधी पाहावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आल्टो के१०ची सुरुवातीची शोरूम किंमत ३ लाख ७० हजारांच्या आत आली. नव्याचा भाव खाली आला की जुन्यालाही खाली यावं लागतं. त्या तारखेच्या आधीचे भाव मनात धरून बसलेल्या मालकाला हे पटवणं जड जातं, पण ते खरं आहे.

दुसरी पायरी वयाची. विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ठरवताना एक ठरलेली घट धरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. ही बाजारातली किंमत नव्हे. ज्या गाड्यांना मागणी आहे आणि ज्यांचे सुटे भाग कुठंही मिळतात, त्या याहून सावकाश उतरतात. तरी आधाराला एक पट्टी म्हणून ती कामाची आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरियंटच्या, जवळपास तेवढंच चाललेल्या गाड्या आपल्याच शहरात कितीला गेल्या? कितीला मागितल्या हे सगळ्यांना दिसतं. कितीला सुटल्या हे ओळखीतून आणि दोन-तीन डीलरांशी बोलून कळतं. अशा चार-पाच सौद्यांची सरासरी म्हणजे पायाची किंमत. वर्ष पाहताना नोंदणीचं आणि निर्मितीचं दोन्ही पाहावं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नोंदली की कागदावर ती वर्षानं तरुण दिसते.

हात लावून पाहायच्या गोष्टी

पायाची किंमत मिळाली की गाडीकडं वळायचं, आणि तेही सकाळी, इंजिन थंड असताना. गरम इंजिन आपले बरेच दोष झाकतं. आपण पोचण्याआधीच मालकानं गाडी चालू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. चालू करताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडावं. तिथून भकाभका वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. आल्टो ८००च्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, के१०च्या इंजिनात चेन. बेल्ट रबराचा, त्याला किलोमीटरइतकंच वयही लागतं. तो कधी बदलला याची पावती मागावी.

मग पत्रा. दारांची रबरं सोलून खालचे वेल्डिंगचे ठिपके पाहावेत. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे असतात. बॉनेटखालच्या अ‍ॅप्रनवर हात फिरवावा, बिजागऱ्यांच्या आणि फेंडरच्या नटबोल्टांवरचा रंग उडालाय का ते पाहावं, डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा चुरगळलाय का ते बघावं. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन असते. जाडी मोजायच्या यंत्रानं एखाद्या पट्टीवर ४०० दाखवले, तर आत लांबी भरलेली आहे. दारावरचा एखादा ओरखडा रंगवून घेतलेला असणं वेगळं आणि अ‍ॅप्रन किंवा खांब ठोकून सरळ केलेला असणं वेगळं. पहिल्यानं भाव थोडा उतरतो. दुसऱ्यामुळं गाडीची सुरक्षितताच गेलेली असते, तेव्हा किंमत न विचारता परत फिरावं.

पाण्यात बुडालेली गाडीही अशीच सोडून द्यायची. सीटचा पट्टा शेवटापर्यंत ओढला की त्याच्या टोकाशी गाळाची रेघ सापडते आणि सीटखालच्या रुळांवर गंज दिसतो.

किलोमीटरचा आकडा एकटा कधी खरा मानू नये. डिजिटल मीटरही मागं घेता येतो. घरगुती गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते. सात वर्षांच्या गाडीचा मीटर २८ हजार दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, चालकाची सीट खचलेली असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायर गाडीहून बरेच नवे आणि मीटर अगदी कमी, हे दोन्ही एकत्र जुळत नाही.

रायपूरपुरती आणखी एक तपासणी. इथं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उरला, सिलतरा इथल्या कारखान्यांची काळी धूळ शहरावर उतरते. कंडेन्सर तुंबतो आणि एसी सकाळी थंड, दुपारी नुसता वारा अशी अवस्था होते. एसी भर दुपारी, गाडी एका जागी उभी असताना तपासावा.

झीज अर्धी, दोष पूर्ण

इथवर बरेच जण नीट येतात आणि पुढं चुकतात. टायर गेलेत, १३ हजार कमी करा. बॅटरी जुनी, ४ हजार कमी करा. असं म्हणत घेणारा प्रत्येक भागाची नवी किंमत वजा करत जातो. हे अन्यायाचं आहे. सात वर्षांच्या गाडीची पायाची किंमत ठरली तेव्हा तिचे टायर, बॅटरी, ब्रेक अर्धे झिजलेले असणार हे त्यात धरलेलंच आहे. म्हणून पूर्ण संपलेल्या वस्तूचे निम्मे पैसे वजा करावेत, अर्ध्या झिजलेल्या वस्तूचे काहीच करू नयेत, आणि नुकत्याच बदललेल्या वस्तूचे थोडे मालकाला वाढवून द्यावेत. दोषाची गोष्ट वेगळी. घसरणारा क्लच, गळणारा रेडिएटर किंवा लागत नसलेला गिअर दुरुस्त केल्याशिवाय गाडी वापरताच येत नाही. त्याचा खर्च पूर्ण वजा व्हावा.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. २०१८ची आल्टो ८०० एलएक्सआय, पहिला मालक, ६२ हजार किलोमीटर. मागणी २ लाख ६० हजार. चार सौद्यांवरून पायाची किंमत निघाली २ लाख ४० हजार. टायर पूर्ण घासलेले. १४५/८० आर१२ मापाच्या चार नव्या टायरांचे १३ हजार धरले तर निम्मे म्हणजे ६,५०० वजा. क्लच घसरतोय, त्याचे ७,००० पूर्ण वजा. एक दार आणि फेंडर पुन्हा रंगवलेले, आतला पत्रा शाबूत, म्हणून ३,००० वजा. बॅटरी मध्यम वयाची, तिचं काही नाही. विमा अजून आठ महिने आहे, सर्व्हिसच्या नोंदी अखंड आहेत, त्यांचे ४,००० अधिक. उत्तर येतं २ लाख २७ हजार ५००. म्हणजे सौदा सव्वादोन ते दोन लाख तीस हजारांच्या मध्ये कुठंही बसला, तरी तो रास्त.

आता घेणाऱ्यानं १ लाख ८० हजारांपासून सुरुवात केली असती आणि दोघांनी मधला आकडा धरला असता, तर सौदा २ लाख २० हजारांवर तुटला असता. त्यानं दीड लाखापासून सुरुवात केली असती, तर मधला आकडा २ लाख ५ हजार. मध्य गाठणं न्यायाचं वाटतं, पण तो मध्य जास्त ताणणाऱ्याच्या बाजूला सरकतो. ओळीओळीनं केलेला हिशेब असा सरकत नाही.

कागदांची किंमत

उत्तम गाडी वाईट कागदांनिशी घेऊ नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्यानं त्याच राज्यातल्या व्यवहाराची खबर १४ दिवसांत द्यायची असते. ही काळजी विकणाऱ्यालाच जास्त हवी. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. गाडी विकली, पैसे घेतले, नाव तसंच राहिलं, तर संकटही आपल्याच दारी.

विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठीही १४ दिवस असतात. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत त्याच्याकडंच राहते आणि तेवढा फरक घेणाऱ्याला भरावा लागतो. म्हणून उरलेल्या विम्याचे पैसे मोजताना हात आखडता घ्यावा. गाडी १५ वर्षांच्या जवळ असेल तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवण्याचा खर्च हिशेबात हवा. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. फिटनेससाठी करावी लागणारी दुरुस्ती त्याहून जड पडते.

रायपूरच्या मराठी घरांत एक प्रसंग हमखास येतो. नागपूरचे मामा किंवा आत्या नवी गाडी घेतात आणि जुनी एमएच ३१ भाच्याला देऊ करतात. गाडी एका हातची, प्रेमानं वापरलेली असते. पण गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी नागपूरच्या आरटीओची एनओसी हवी, छत्तीसगडचा रोड टॅक्स भरायला हवा, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवायला खेटे घालावे लागतात. हा सगळा खर्च पायाच्या किमतीतून वजा करूनच मामांना आकडा सांगावा. भिडेपोटी कुणी जास्त देतं, कुणी कमी घेतं, आणि मनात अढी राहते. कागदावर मांडलेला हिशेब नात्याचा मान जास्त राखतो.

डीलर, मोसम आणि विश्वास

डीलरकडची गाडी घरगुती सौद्याहून महाग असते, आणि त्यात गैर काही नाही, जर ती तपासलेली, दुरुस्त केलेली आणि लेखी वॉरंटीची असेल. त्याचा करही मोजायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर डीलरच्या नफ्यावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. तो पूर्ण किमतीवर नसतो. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला विकलेल्या गाडीवर तो लागत नाही. वॉरंटी तोंडी असेल तर मात्र वरच्या रकमेला आधार उरत नाही.

मोसमाचाही भाव असतो. दसरा-धनत्रयोदशीला नव्या गाड्या घरी येतात आणि बदल्यात दिलेल्या जुन्या गाड्या त्यानंतर बाजारात भरतात. घेणाऱ्यानं दिवाळीनंतरचे आठवडे साधावेत. विकणाऱ्याला छत्तीसगडमध्ये धानखरेदीचे पैसे गावात पोचतात तो काळ बरा पडतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना ज्या कामासाठी नोबेल मिळालं त्याचा तो गाभा. चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतला फरक घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यांना सरासरी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक विकायचंच टाळतो आणि बाजारात वाईट गाड्या उरतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. परखण्याची कला फक्त घेणाऱ्याचे पैसे वाचवत नाही. ज्यानं वेळेवर ऑइल बदललं, पावत्या जपल्या, गाडी खड्ड्यांतून सांभाळून नेली, त्या मालकाला त्याच्या काळजीचा मोबदला तिच्यामुळंच मिळतो.

म्हणून मिस्त्रीला जरूर न्यावं, त्याच्या वेळेचे पैसे आनंदानं द्यावेत, आणि त्यानं आकडा सांगितल्यावर एक कोरा कागद पुढं करावा. पायाची किंमत, झीज, दोष, कागद, अधिक-उणे, सगळं दोन्ही पक्षांसमोर लिहावं. एखाद्या ओळीवर मतभेद झाला तर वाद त्या ओळीपुरता राहतो, माणसांवर जात नाही. दोन-अडीच लाख ही ब्राह्मणपाऱ्यातल्या घराची कित्येक महिन्यांची बचत असते. ती खर्च करताना हिशेब मागणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि हिशेब दाखवणं हा विकणाऱ्याचा मान.